खाटेशेजारची बुडालेली मजुरी

ऊसतोडणीच्या हिशेबात माणूस हे एकक नाही. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, ती फिटायचीही कोयत्याच्या कामातूनच. आणि दोघांपैकी एकजण जरी फडावर उतरला नाही तरी त्या दिवसाचा खाडा पडतो. म्हणजे त्या दिवसाची कमाई तर जातेच, वर दंड म्हणून ठरलेली रक्कम उचलीत चढते. बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून सांगली-कोल्हापूरकडे वा कर्नाटकाकडे उतरलेल्या कुठल्याही टोळीत हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण कायद्यापेक्षा अधिक काटेकोरपणे तो पाळला जातो.

आता या नियमाच्या शेजारी एक तापलेले मूल ठेवून पाहावे. हंगाम ऐन भरात आहे, थंडी आहे, पाचटाच्या कोपीत दीड-दोन वर्षांचे पोर रात्रभर कण्हत पडले आहे. पहाटे त्याचा श्वास मिनिटाला चाळिसाच्या वर गेला आहे आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ असे काही नाही. हा न्यूमोनिया आहे, त्यावर साधे प्रतिजैविक आहे, आणि छाती आत ओढली जात असेल तर रुग्णालयात नेऊन प्राणवायू व सुई द्यावी लागते, हे आरोग्य केंद्रातल्या नव्या परिचारिकेलाही ठाऊक असते. पण कोपीतल्या आईसमोरचा प्रश्न निराळा आहे. रुग्णालयात मूल एकटे ठेवून घेत नाहीत, तिला तिथे राहावे लागेल. ती राहिली की कोयता बंद. नवऱ्याच्या एकट्याच्या तोडीला मुकादम काम मानणार नाही. थोरली मुलगी कोपीत एकटी पडेल. रुग्णालय चार दिवस म्हणते, कधी आठ म्हणते. तेव्हा ती 'आजचा दिवस पाहू' असे म्हणते, पोराला फडाच्या बांधावर लुगड्यात गुंडाळून ठेवते आणि मोळ्या बांधू लागते. तिसऱ्या दिवशी मूल तालुक्याच्या रुग्णालयात पोचते, तेव्हा तिथला डॉक्टर तिच्यावर खेकसतो, 'इतका उशीर का केलात?' कागदावर 'उशिरा आणलेला रुग्ण' अशी नोंद होते. उशीर का झाला त्याची नोंद करायला त्या कागदावर रकानाच नसतो.

हा रकाना का नसतो, याचा विचार समाजवादी चळवळीने करायला हवा. आजवर तो पुरेसा झालेला नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मोर्चांच्या निवेदनांत आरोग्याच्या मागण्या असतात त्या ठरलेल्या: प्राथमिक केंद्रात डॉक्टर नेमा, ग्रामीण रुग्णालयाच्या खाटा वाढवा, औषधे पुरवा, रिक्त पदे भरा. या साऱ्या मागण्या रास्त आहेत आणि अजून अपुऱ्या राहिलेल्या आहेत. परंतु त्या सर्व खाटेवर पडलेल्या रुग्णासंबंधीच्या आहेत. मूल मात्र खाटेवर एकटे कधीच नसते. त्याच्या शेजारी जमिनीवर सतरंजी टाकून कोणीतरी बसलेले असते. बहुधा आई, क्वचित आजी, फार क्वचित बाप. ते माणूस त्या दिवसांत काय खाते, कोठे झोपते, त्याची मजुरी कोण देते, घरी राहिलेल्या भावंडांना कोण जेवू घालते, हे प्रश्न शासनाच्या आकडेवारीत नाहीत आणि विरोधकांच्या निवेदनांतही नाहीत.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे असत्य ठरेल, आणि असत्यावर उभी केलेली टीका टिकत नाही. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकावरचे सरकारी उपचार, औषधे आणि ने-आण विनामूल्य झाली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासू लागली. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या अनेक गरीब मुलांच्या शस्त्रक्रिया त्यामुळे झाल्या. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले केसपेपरचे शुल्कही उठले. बालमृत्यूंचे प्रमाण घटले आहे. पण त्याच महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीला पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 25 टक्क्यांहून अधिक मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. देशातल्या श्रीमंत राज्यांत ज्याची गणना होते, त्या राज्याचा हा आकडा आहे. उपचारावरचे शुल्क उठले तरी आजारपणाची किंमत उठली नाही. ती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, आणि तो दुसरा खिसा मजुराच्या बायकोचा आहे.

मुलाशेजारी आईने असावे की नसावे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत एका काळी फार मोठ्या वादाचा झाला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी आईबापांना वॉर्डाबाहेर काढले होते. आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक तासापुरते त्यांनी यावे. काही ठिकाणी तेवढेही नाही. आई आली की मूल रडते, गेली की अधिक रडते, वॉर्डाची शिस्त मोडते, संसर्ग वाढतो, ही कारणे सांगितली जात. न्यूकॅसलमध्ये डॉ. जेम्स स्पेन्स यांनी मात्र 1920 च्या दशकातच मातांना बाळांसोबत दाखल करून घेण्याचा उलटा प्रयोग केला होता. पण तो अपवाद राहिला. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. त्यात आक्रोश नव्हता, मारहाण नव्हती. हळूहळू गप्प होत गेलेले एक मूल तेवढे होते. डॉक्टरमंडळी तो पाहून संतापली. अखेर 1959 मध्ये प्लॅट समितीने अहवाल दिला की, मुलाला भेटण्यास आईबापांना वेळेचे बंधन नसावे आणि लहान मुलासोबत आईला राहता येण्याची सोय रुग्णालयाने करावी. त्यानंतरही ही शिफारस सर्वत्र अमलात यायला वर्षे लागली, आणि त्यासाठी तिथल्या पालकांना संघटना करून झगडावे लागले.

भारतातल्या सरकारी रुग्णालयांत आई वॉर्डात होतीच. यावरून कोणी आपल्या संस्कृतीची थोरवी गाऊ लागेल, तर त्याने एक रात्र जिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात काढावी. आई तिथे आहे ती मुलाच्या मनाचा कोणी विचार केला म्हणून नव्हे. परिचारिका पुरेशा नाहीत म्हणून. सलाईनची बाटली संपली की सांगायला धावणारी तीच, ताप उतरावा म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसणारी तीच, रक्ताची नळी तपासणीला दुसऱ्या इमारतीत नेऊन देणारी तीच, बाहेरच्या दुकानातून औषध आणणारी तीच, आणि खाटेखालचे भांडे रिकामे करणारीही तीच. एका परिचारिकेचे अर्धे काम ती करते. तिला त्याचे वेतन नाही, झोपायला खाट नाही, कित्येक ठिकाणी अंघोळीला बंद दरवाजा नाही. राऊंडच्या वेळी तिला वॉर्डाबाहेर काढतात आणि राऊंडमध्ये काय ठरले हे तिला कोणी सांगत नाही. जिच्यावाचून वॉर्ड एक दिवस चालणार नाही तिचा उल्लेख त्या वॉर्डाच्या भाषेत 'गर्दी' असा होतो.

गंमत अशी की, जिथे यंत्रे आली तिथे हीच आई एकाएकी नकोशी झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात शिशूंसाठी विशेष अतिदक्षता कक्ष उघडले गेले. कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ काचेच्या पेटीत आणि आई कुठे पायरीवर, कुठे बाळंतिणींच्या वॉर्डात. दूध काढून वाटीत द्यायचे, दिवसातून एकदोनदा काचेतून पाहायचे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षाला आग लागली. आत 17 बालके होती. 7 वाचवता आली, 10 दगावली. चौकशी झाली, काहींचे निलंबन झाले, कंत्राटावरच्या काहींची नोकरी गेली, कुटुंबांना मदत जाहीर झाली. आई आत असती तर आग लागलीच नसती, असा दावा शहाण्याने करू नये. वीजवाहिन्या आणि यंत्रे तपासण्याचे काम आईचे नव्हे, शासनाचे. पण रात्री दोनच्या सुमारास जागे असलेले माणूस त्या बाळांच्या इतक्या जवळ दुसरे कोण असणार होते, हा प्रश्न मात्र विचारावाच लागेल. 15 नोव्हेंबर 2024 ला झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवजात कक्षाला आग लागली तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा तो विजेच्या तारांच्या चौकशीत विरून गेला.

बाळ आईपासून तोडण्याला शास्त्राचा आधार आहे, ही समजूत आता शास्त्रानेच मोडली आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास डॉ. एदगार रे यांच्या प्रसूती रुग्णालयात काचपेट्या कमी आणि बाळे अधिक अशी अवस्था होती. त्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. गरिबाघरची तडजोड म्हणून जगाने तिच्याकडे पाहिले. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने रीतसर चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के होते आणि नेहमीच्या पद्धतीने पेटीत ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिलेल्यांत 15.7 टक्के. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने या चाचणीत भाग घेतला होता, आणि तिथे त्यासाठी काय करावे लागले, तर अतिदक्षता कक्षात बाळाशेजारी आईची खाट टाकावी लागली. इतकेच! आई आत आली म्हणून संसर्ग बोकाळला नाही. ज्या यंत्राची किंमत लाखांत असते ते यंत्र जे करू शकले नाही ते आईच्या त्वचेने केले. पण खाटेची निविदा निघत नाही, यंत्राची निघते, हा भेद प्रशासनाला चांगला कळतो.

या संदर्भात एक योगायोग कार्यकर्त्यांच्या ध्यानात राहावा असा आहे. 1967 च्या ऑक्टोबरात डॉ. राममनोहर लोहियांचा अंत दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने झाला. त्यांच्या अखेरच्या आजारात झालेल्या हलगर्जीची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. त्या रुग्णालयाला नंतर लोहियांचेच नाव मिळाले. आजारी नवजात बाळाच्या शुश्रूषेत आईबापांना शिकवून सामील करून घेण्याची पद्धत याच रुग्णालयाच्या नवजात विभागात आकाराला आली, आणि 2017 मध्ये केंद्र सरकारने ती देशभरच्या नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक म्हणून स्वीकारली. म्हणजे कागदावर आज आईला आत जाण्याचा अधिकार आहे. तो आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रत्यक्षात आहे की नाही हे पाहायला फार तर एसटीचे तिकीट लागेल.

आईला विश्वासात घेतले की काय होते, याचे याहून जुने उदाहरण बंगालचे आहे. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि बोनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. त्या नातलगांना कोणी गर्दी म्हटले नाही. त्यांनाच तिथे परिचारक मानले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिचेही मर्म हेच होते. तिचे निष्कर्ष 1999 मध्ये जगापुढे आले आणि 2011 पासून 'आशां'मार्फत ती देशाचा कार्यक्रम झाली. कार्यक्रम झाला तेव्हा 'आशा' मात्र वेतनाची धनी झाली नाही, मानधनाचीच राहिली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तसा वेगळा नाहीही.

मजुरीच्या प्रश्नाकडे परत यावे लागते ते मेळघाटामुळे. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतले बालमृत्यू 1993 मध्ये वर्तमानपत्रांत गाजले. मंत्र्यांचे दौरे झाले, न्यायालयात याचिका गेल्या, 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. त्या साऱ्या धामधुमीत एक शब्द शासनाच्या कागदांत शिरला आणि तो शब्द मोलाचा आहे: 'बुडीत मजुरी'. तीव्र कुपोषित वा आजारी मूल दाखल झाले की सोबत राहणाऱ्या पालकाला बुडालेल्या मजुरीबद्दल रोजची काही रक्कम आणि जेवण द्यावे, अशी ती तरतूद. देशभरच्या पोषण पुनर्वसन केंद्रांच्या मार्गदर्शक नियमांतही आईच्या मजुरीची भरपाई धरलेली आहे. ज्या कोणा अधिकाऱ्याने वा कार्यकर्त्याने हा शब्द प्रथम टिपणीत लिहिला असेल, त्याला रोग कळला होता.

दुर्दैवाने रोग कळूनही औषध अर्धेच दिले गेले. पुनर्वसन केंद्रात मुलाला साधारण 14 दिवस राहावे लागते. पहिल्या आठवड्यात ते विशेष दुधावर स्थिरावते, दुसऱ्यात त्याचे वजन वाढू लागते. नेमक्या या दुसऱ्या आठवड्यात आई मूल उचलून गावी निघून जाते. मोहफुले वेचण्याचे दिवस असतात, किंवा सोंगणी असते, किंवा घरी याहून धाकटे एक असते आणि त्याला सांभाळणारी सातवीतली मुलगी शाळा बुडवून बसलेली असते. बुडीत मजुरीचे पैसे हाती पडतात ते मूल घरी गेल्यावर केव्हातरी, बँकेच्या खात्यात. आणि खाते चालू नसेल, नाव जुळत नसेल, तर तेही नाही. ज्या पैशाने आज संध्याकाळचे पीठ यायचे तो पैसा दोन महिन्यांनी आला तर तो मजुरी उरत नाही. मग अहवालात लिहिले जाते की आदिवासी पालक सहकार्य करत नाहीत, त्यांचा भूमकावर विश्वास आहे. भूमका गावात आहे, तो मुलाच्या आईला चौदा दिवस घराबाहेर ठेवत नाही, आणि त्याच्याकडे गेल्याने मजुरी बुडत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्यांनी हा हिशेब आधी समजून घेतलेला बरा.

मुंबईत परळला हाच प्रश्न मोठ्या आकारात दिसतो. टाटा स्मारक रुग्णालयात बिहारपासून विदर्भापर्यंतची कर्करोग झालेली मुले येतात. मुलांतला रक्ताचा कर्करोग हा आता बहुतांशी बरा होणारा रोग आहे. पण त्याच्या उपचाराला दोन-अडीच वर्षे लागतात, आणि पहिले कित्येक महिने तर रुग्णालयाच्या आसपासच राहावे लागते. अडीच वर्षे मुंबईत! बापाने गावची शेती वाट्याने द्यायची की विकायची, आईने मागे राहिलेल्या मुलांना कोणाच्या स्वाधीन करायचे, डोके टेकायला जागा कुठली? दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने अशा हजारोंना थारा दिला. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही ती कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर प्लास्टिकचा कागद ताणून राहिली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला पदपथावर ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. 2009 च्या सुमारास या रुग्णालयात उपचार नाकारणाऱ्या किंवा मध्येच सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ पाचांत एक होते. रोग बरा होत असताना पाचातले एक मूल परत जात होते. मग तिथल्या बालकर्करोग विभागाने राहण्याची सोय, शिधा, प्रवासाचा खर्च, रक्ताची व्यवस्था, मुलाची शाळा आणि कुटुंबाशी सतत बोलणारे समाजसेवक या गोष्टींना उपचाराचाच भाग मानले. थोड्याच वर्षांत हे प्रमाण वीसात एकाच्या आसपास आले. जी मुले वाचली ती कोणत्या नव्या औषधाने नव्हे. ती खोलीने, तांदळाने आणि रेल्वेच्या तिकिटाने वाचली.

मात्र ही सोय मुख्यतः देणगीदारांच्या पैशाने झाली, हे विसरता येत नाही. देणगी आटली की सोय आटते. त्याच परळमधले वाडिया बाल रुग्णालय 1929 साली आणि त्याचे जुळे प्रसूती रुग्णालय 1926 साली गिरणगावातल्या कामगार कुटुंबांसाठी उभे राहिले. जानेवारी 2020 मध्ये महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडचे अनुदान अडकल्यामुळे ते बंद पडण्याची पाळी आली. दारात आया आणि परिचारिका एकत्र उभ्या राहिल्या, आणि पुतळ्यांना पैसा आहे पण गरिबांच्या रुग्णालयाला नाही, अशा आशयाचे खडे बोल उच्च न्यायालयाला सरकारला सुनवावे लागले. तेव्हा कुठे पैसा सुटला. या रुग्णालयांना लागूनच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज मनोरे उभे आहेत. 1991 च्या नियमांप्रमाणे त्या जमिनींचा एकतृतीयांश महापालिकेला आणि एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणाला मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता मोजायचे ठरले आणि तो नाममात्र उरला. त्या गेलेल्या जमिनीच्या एका कोपऱ्यात मुलांच्या आईबापांसाठी निवारा झाला असता तर पदपथावरचे प्लास्टिकचे कागद कधीच निघाले असते.

कायद्यात या माणसाला काही स्थान आहे काय? 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगार आजारी पडला तर त्याच्या वेतनाचा काही भाग त्याला मिळण्याची सोय केली. कामगार चळवळीच्या थोर विजयांपैकी तो एक आहे. कुटुंबाला औषधोपचारही त्यातून मिळतो. पण कामगाराचे मूल आजारी पडले आणि त्यासाठी ती घरी राहिली, तर आजारपणाचा लाभ तिला नाही. तो तिच्या स्वतःच्या आजारापुरता आहे. त्या चौकटीने कामगाराचे शरीर ओळखले, कामगाराचे मूल ओळखले नाही. याउलट केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून मुलाच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची रजा मिळू लागली आणि महाराष्ट्र शासनानेही 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले. ही रजा योग्यच आहे, ती काढून घ्यावी असे कोणी म्हणू नये. फक्त, मंत्रालयातल्या अधिकारी बाईंचे मूल तापले तर त्यांना पगारासह घरी बसता येते, आणि त्यांच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे मूल तापले तर त्यांचा दिवस कापला जातो, ही गोष्ट एकाच राज्यात, अनेकदा एकाच स्वयंपाकघरात घडते.

आणि रजा द्यायची तर ती आईलाच का? मुलाच्या उशाशी बसणे हे बाईचे काम, अशी वाटणी समाजवादी म्हणवणाऱ्या घरांतही मुकाट्याने चालू असते. बालरुग्ण विभागांत रात्री बापांना थांबू देत नाहीत, कारण तो 'बायकांचा वॉर्ड' असतो. बाप बाहेर बाकावर बसतो किंवा कामावर निघून जातो. नियम बापाला बाहेर ठेवतो आणि मग बाप येत नाही अशी तक्रारही करतो. बुडीत मजुरी 'पालकाला' द्यायची आहे, आईलाच नव्हे. त्या शब्दाचा आग्रह धरायला हवा.

बुडीत मजुरी सर्वच जिल्ह्यांत, दाखल झालेल्या प्रत्येक गरीब मुलामागे द्या अशी मागणी केली, तर दोन आक्षेप तत्काळ येतील. पहिला असा की, पैशासाठी लोक मुले दाखल करतील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी बालरुग्ण विभागाच्या फरशीवर एक रात्र झोपून पाहावे. एका दिवसाच्या मजुरीसाठी ती हौस कोणी करील असे वाटणार नाही. शिवाय मूल दाखल करायचे की नाही हे आई ठरवत नाही, डॉक्टर ठरवतो. दुसरा आक्षेप पैशाचा. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला, तेव्हाही पैसा कोठून आणणार हाच प्रश्न होता. त्यासाठी शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि तो लोकांनी दिला. काम मागणाऱ्याला मजुरीचा हक्क आहे हे ज्या राज्याने देशाच्या आधी मान्य केले, त्या राज्याला आजारी मुलाच्या खाटेपाशी केलेले कामही कामच आहे, हे मान्य करणे अवघड का वाटावे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तालुक्यातालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी वरून आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात जाऊन सोबतच्या पालकांसाठी किती खाटा, किती संडास, किती न्हाणीघरे आहेत ते मोजावे. दोन वेळचे जेवण त्यांना मिळते का ते विचारावे. नवजात कक्षात आईला किती तास आत जाऊ देतात हे लिहून आणावे आणि 2017 चे मार्गदर्शक नियम अधिष्ठात्यापुढे वा शल्यचिकित्सकापुढे ठेवावेत. आदिवासी तालुक्यांत बुडीत मजुरीची यादी मागावी, आणि मूल घरी गेल्याच्या तारखेशेजारी पैसे जमा झाल्याची तारीख लिहावी. रुग्ण कल्याण समित्यांत लोकप्रतिनिधी बसतात; त्यांच्या सभेची इतिवृत्ते पाहावीत, रंगरंगोटीवर किती आणि नातलगांच्या निवाऱ्यावर किती खर्च झाला ते कळेल. ऊसतोड मजुरांत काम करणाऱ्यांनी पुढच्या करारात एक ओळ घालून घ्यावी: मूल रुग्णालयात दाखल असेल त्या दिवसांचा खाडा नाही. मजुरीच्या दराची वाटाघाट साखर संघाशी दर काही वर्षांनी होते. टनामागे किती रुपये वाढवायचे यावर रात्ररात्र बैठका चालतात. ही ओळ त्या बैठकीत अजून कोणी मांडलेली नाही. येत्या हंगामाच्या आधी, टोळ्या गावाहून निघण्यापूर्वी, ती मांडता येईल.